पुढचे दोन्ही टायर आतून खाल्ले, आणि अलाइनमेंट तर तीनदा केली होती!

रानवारा खानापूर
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. काल खानापूर रोडला तिसऱ्या गेटापाशी पंक्चर काढायला थांबलो होतो. पोरानं पुढचं डावं चाक काढलं, आडवं टाकलं आणि मला हाक मारली, "मामा, हे बघितलासा काय?"

बाहेरनं बघितलं तर नक्षी झकास, अजून वर्षभर सहज जाईल अशी. आतल्या कडेला मात्र दोन बोटं रुंदीचा पट्टा तुळतुळीत, आणि एका जागी रबरातून तार वर आलेली. बोट फिरवलं तर टोचली. उजवं काढायला लावलं. तिथं तार नव्हती एवढंच, बाकी तीच कथा. ह्याच टायरांवर मागच्या आठवड्यात बायकापोरांना घेऊन भर पावसात चोर्ला घाट उतरलोय, हे आठवून पोटात गोळा आला.

गाडी हॅचबॅक, टायर १६५/८० आर १४. १९ हजार किमी झालेत. रोज खानापूर ते बेळगाव आणि महिन्यातनं दोनदा जांबोटी, कणकुंबी करत डिचोलीला सासुरवाडी. टायर घालताना अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन मोजून जागेवर आणणं) केली, नंतर आणखी दोनदा. प्रत्येक वेळी मशीनचा कागद मिळाला, सगळं हिरवं. दुकानदार म्हणतो, कडेनं झिजलेला टायर वॉरंटीत बसत नाही. दोन टायरचे साडेनऊ हजार गेले.

हिरव्या कागदावर टायर खाल्ले कुणी, एवढं सांगा.

---

चारशे वाचवा
रविवार, रात्री १०:०५

कुणी खाल्ले म्हणजे? ज्यांनी तीनदा ४०० घेतले त्यांनीच. अहो हा धंदा आहे. टायर घाला, अलाइनमेंट. सर्व्हिसिंग करा, अलाइनमेंट. काच पुसायला गेलात तरी पोरगं विचारतंय, "सर, अलाइनमेंट करूया काय?" आमच्या वडिलांनी जीप तीस वर्षं चालवली. हा शब्द त्यांनी ऐकलासुद्धा नव्हता.

---

ऊसवाला संकेश्वर
रविवार, रात्री १०:३१

शब्द ऐकला नसेल, खरं अलाइनमेंट होत होती. आमच्याकडं पण जीप होती. निपाणीला एक मिस्त्री होते, ते सुतळी लावायचे. मागच्या टायरला सुतळी बांधायची, टायरच्या पोटाला घासून पुढं ताणायची आणि पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना ती कशी टेकते ते एक डोळा मिटून बघायचं. मग खाली सरपटत जाऊन रॉड अर्धा आटा फिरवायचा, परत वर येऊन सुतळी बघायची. चहा दोनदा व्हायचा. मी लहान होतो, सुतळीचं एक टोक माझ्या हातात असायचं आणि हलवली की शिव्या खायचो.

आणि ती जीप पळत होती चाळीसनं. आता हायवेला शंभरनं जाताय. मग अलाइनमेंट नको व्हय?

---

मोजपट्टी
सोमवार, सकाळी ७:१५

रानवारा, तार दिसलीय तर ते टायर आजच उतरवा. स्टेपनीला सुद्धा ठेवू नका.

मी उद्यमबागेत कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो, आता घरी असतो. अलाइनमेंटच्या मशीनवर मी कधी काम केलेलं नाही, पण मोजमाप ह्या गोष्टीवर आयुष्य गेलंय, म्हणून बोलतो. तुमच्या तिन्ही कागदांवर दोन रकाने असतील, एक "आधी" आणि एक "नंतर". "नंतर"चा हिरवा असणारच, त्याचेच तर पैसे घेतात. माहिती "आधी"च्या रकान्यात असते. तिथले 'टो'चे, म्हणजे चाकांची तोंडं किती वळलीत त्याचे, आकडे इथं टाका. कागद फेकले नसतील तर.

दुसरं, त्यांनी गाडी मशीनवर घेण्याआधी चारी टायरची हवा बघितली होती का? आणि चाक उचलून, हलवून कुणी बघितलं होतं का?

---

रानवारा खानापूर
सोमवार, दुपारी १:२०

काका, कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात होते. टायर घातल्यावरचा पहिला कागद घामानं पुसट झालाय. दुसऱ्यावर एकूण टो आधी उणे ०°२४′, नंतर अधिक ०°०४′. तिसरा गेल्या महिन्यातला, आधी उणे ०°२८′, नंतर ०°०२′. कॅम्बर डावीकडं उणे ०°४०′, उजवीकडं उणे ०°३५′, दोन्ही वेळेला तेवढंच.

हवा बघितली होती. चाक कुणी हलवलं नाही. गाडी चढवली, चार चाकांना त्या पाट्या अडकवल्या, थोडी मागंपुढं ढकलली, पाना मारला, कागद काढला. वीस मिनिटं. मी आपला "नंतर"चा हिरवा बघून खूश.

---

मोजपट्टी
सोमवार, सायंकाळी ६:५०

मग उत्तर तुमच्या कप्प्यातच होतं की.

आधी टो म्हणजे काय ते सांगतो, बाकीच्यांनाही कळू दे. पायाचे चवडे आत वळवून चाललात तर टो-इन, बाहेर फाकवून चाललात तर टो-आउट. वरून बघितल्यावर दोन चाकांची तोंडं एकमेकांकडं आहेत की लांब, एवढंच ते. तुमचं उणे २८ मिनिटं, म्हणजे टो-आउट. एका चाकाच्या वाट्याला १४ मिनिटं. एक अंश म्हणजे ६० मिनिटं, तेव्हा हा पाव अंशसुद्धा नाही. डोळ्याला दिसणार नाही. पण गाडी सरळ जातेय आणि चाकाचं तोंड तेवढं तिरकं आहे, म्हणजे टायर फिरता फिरता आडवा घासतोय. किती? गणित सोपं आहे. दर किलोमीटरला साधारण ४ मीटर. १० हजार किलोमीटरला ४० किलोमीटर. बेळगावहून खानापूरला जायचं आणि अर्ध्या वाटेनं परत यायचं, एवढं अंतर तुमचा टायर डांबरावर आडवा ओढला गेलाय. टो-आउटमध्ये आतली कड जाते, टो-इन जास्त झालं तर बाहेरची. तुमची आतली गेली. हिशेब जुळतो.

कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक वरून आत किंवा बाहेर कललेलं असणं. तुमचा थोडा आत आहे, पण एवढा बहुतेक गाड्यांना कंपनीतूनच असतो. त्यानं १९ हजारांत तार निघत नाही.

आता मुख्य गोष्ट. टो दोनदा जागेवर आणला आणि दोन्ही वेळेला तो त्याच बाजूला परत गेला. जॉब सेट केला, दहा पीस काढले आणि माप सरकलं, तर आम्ही परत सेट करत नव्हतो. आधी क्लॅम्प ढिला आहे का ते बघत होतो. तुमच्या गाडीत काहीतरी ढिलं आहे. मशीनवर गाडी उभी असताना ते गप्प बसतं, रस्त्यावर चाकावर जोर आला की सरकतं. मशीन खोटं बोललेलं नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढं त्यानं सांगितलं.

मिस्त्रीला सांगा, पुढचं चाक जॅकवर उचल, खाली स्टँड लाव आणि चाक घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी धरून हलव. टक् टक् झालं तर टाय रॉडच्या (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) बाजूला प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. १२ आणि ६ ला धरून हललं तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग. मग लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा हात) रबरी बुशला पहार लावून बघू दे.

---

चोर्ला एक्सप्रेस
सोमवार, रात्री ११:१२

काका बोलूलालेत ते शंभर टक्के. मी बारा वर्सं गोवा लाइनला टॅक्सी मारूलालोय, चोर्ला आणि अनमोड दोन्ही. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढं खड्ड्यात पाणी भरलं की खोली कळत नाही. धाडकन जातंय, आणि तुम्ही म्हणताय काय झालं नाही. काय झालं नाही कसं? टाय रॉड एंड गेलेलं असतंय.

माझी एक सवय सांगतो. रविवारी गाडी धुताना स्टेअरिंग पूर्ण डावीकडं मोडायचं, पुढच्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवायचा. मग उजवीकडं मोडायचं, परत हात. नुसतं बघून भागत नाही, हात फिरवायचा. एका दिशेनं मऊ आणि उलट्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर टो गेलंय, समजायचं. टायर अजून चांगला असतोय तवाच कळतंय, तार यायच्या आधी.

आणि लोक एक घोटाळा करतात. ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग थरथरलं की अलाइनमेंट करून येतात. ते बॅलन्सिंग बे, चाकाचं वजन सगळीकडनं सारखं करायचं काम! अलाइनमेंट गेलं तर गाडी ओढतीय, थरथरत नाही. ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर ब्रेक बघा, नाहीतर बुश.

---

टिळकवाडीकर
मंगळवार, सकाळी ९:०२

ओढते म्हणजे किती ओढली की काळजी करायची? माझी काँग्रेस रोडवर सरळ जाते आणि हायवेला हळूहळू डावीकडं सरकते.

---

मोजपट्टी
मंगळवार, सकाळी ९:३०

पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडं उतार दिलेला असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून गाडी हलकीशी डावीकडं जाणं हे रस्त्याचं काम. रिकाम्या, सपाट जागेत बघा. तिथंही ओढली तर आधी दोन्हीकडची हवा सारखी करा, कमी हवेच्या बाजूला गाडी जाते. तरी राहिलं तर पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये, अलाइनमेंटचे पैसे वाचले. टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही युक्ती नको.

---

निपाणीची लेक
मंगळवार, दुपारी ३:४५

मी निपाणी-बेळगाव आठवड्यातून चार दिवस करते, स्वतः चालवते. माझा प्रश्न वेगळा आहे. अलाइनमेंटनंतर गाडी अगदी सरळ जाते, टायरही सारखे झिजतायत, पण स्टेअरिंग किंचित डावीकडं कललेलं. तवंदी घाट उतरून सपाटीला आलं की समोर ते वाकडं स्टेअरिंग दिसतं आणि डोकं उठतं. परत गेले तर तो माणूस माझ्याशी बोलेचना. सोबत भाऊ होता, त्याला ड्रायव्हिंग येत नाही, तर त्याला सांगतोय, "ते तसंच असतंय, मॅडमना सवय होईल." दुसरा म्हणाला, स्टेअरिंग उपसून एक दाता फिरवून बसवतो, दोन मिनिटांचं काम.

---

मोजपट्टी
मंगळवार, सायंकाळी ५:१०

ताई, स्टेअरिंग अजिबात उपसू देऊ नका. त्यात एअरबॅग आहे आणि दोष तिथं नाहीच.

दोन चाकांचा मिळून टो बरोबर आहे, म्हणून गाडी सरळ जाते. पण त्यानं समायोजन करताना स्टेअरिंग मध्यात धरून बांधलेलं नव्हतं, किंवा एकाच बाजूचा रॉड फिरवला. उपाय म्हणजे स्टेअरिंग सरळ धरून लॉक करायचं, एका बाजूचा टाय रॉड जेवढा आखूड तेवढाच दुसऱ्या बाजूचा लांब करायचा. एकूण टो तोच राहतो, स्टेअरिंग सरळ येतं. सवय तुम्ही का करून घ्यायची? काम अर्धवट त्यानं ठेवलंय. गाडीत घसरण रोखणारी ईएससी असेल तर नंतर स्कॅनर लावून स्टेअरिंगच्या सेन्सरला नवं शून्य दाखवून घ्या, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो.

हे करूनही वाकडं राहिलं तर मागच्या चाकांचे आकडे बघा. मागचा ॲक्सल धक्क्यानं तिरका झाला असेल तर गाडी थोडी कुशीवर पळते आणि पुढं तुम्ही नकळत स्टेअरिंग कलतं धरता. बऱ्याच लहान गाड्यांत मागे फिरवायला बोल्ट नसतो, म्हणून दुकानदार तो भाग दाखवतच नाहीत.

---

चारशे वाचवा
मंगळवार, रात्री ८:२०

बघा, तुम्हीच सांगताय की एकानं चाक हलवलं नाही, एकानं स्टेअरिंग वाकडं ठेवलं, तिसरा मागचं दाखवत नाही. मग माझं काय चुकलं? आणि कॅम्बरचं काय? मागच्या वर्षी एका ठिकाणी कॅम्बर करून दिला म्हणून माझ्याकडून वेगळे ८०० घेतले. घरी येऊन मॅन्युअल बघितलं तर माझ्या गाडीत कॅम्बर फिरवायची सोयच नाही!

---

मोजपट्टी
मंगळवार, रात्री ८:४४

ह्यात मी तुमच्या बाजूनं. पुष्कळ लहान गाड्यांना कंपनीतून कॅम्बर फिरवायला जागा नसते. स्ट्रटच्या (चाकावरचा शॉक ॲब्सॉर्बरचा खांब) बोल्टमध्ये जी फट असते तेवढंच सरकतं, किंवा वेगळा बोल्ट घालावा लागतो. कॅम्बर खरोखर बिघडलाय म्हणजे सहसा काहीतरी वाकलंय, आणि वाकलेला भाग बदलायचा असतो. ८०० रुपये कशाचे, ते "आधी-नंतर"च्या आकड्यांवर बोट ठेवून विचारायचे होते.

पण वजनकाटा खोटा निघाला म्हणून आपण वजन करायचं सोडत नाही. काटा बदलतो.

---

ऊसवाला संकेश्वर
मंगळवार, रात्री ९:१५

काका, चारशे वाचवा यांचे ८०० गेले, नाव बदलायला सांगा 😄

---

रानवारा खानापूर
गुरुवार, रात्री ९:५५

मंडळी, आज सुट्टी टाकून काम केलं. सविस्तर सांगतो.

ह्या वेळी मशीनच्या दुकानात आधी गेलोच नाही. अनगोळच्या बाजूला सस्पेन्शनचं काम करणारे एक अण्णा आहेत, तिथं गेलो. शेड लहान, मशीन नाही, एक जॅक आणि दोन स्टँड. मी "३ आणि ९" म्हणायच्या आत त्यांनी चाक तसंच धरलं होतं. डावं हलवलं, टक्. परत, टक्. माझा हात धरून टाय रॉड एंडवर ठेवला आणि पोराला चाक हलवायला लावलं. तळहाताखाली तो सांधा दाढ हलावी तसा हलत होता. रबराचं बूट फाटलेलं, ग्रीस केव्हाच धुऊन गेलेलं, आत चिखल. अण्णा एवढंच म्हणाले, "हे किती पावसाळे झाले?" उजवा टाय रॉड एंड ठीक होता, पण तोही बदलून टाकला. डाव्या लोअर आर्मच्या बुशला चिरा होत्या, तो नवीन दाबून बसवला.

मग नवे टायर आणि मग अलाइनमेंट, ह्या वेळी दुसऱ्या दुकानात. मी शेजारी उभाच राहिलो. रिमवरचा वाळलेला चिखल आधी खरवडायला लावला, क्लॅम्प तिरका बसू नये म्हणून. पोरगं जरा वैतागलं, पण केलं. त्यांचे दोघे कन्नडमध्ये बोलत होते. एक गाडीखाली पाना घेऊन, एक स्क्रीनसमोर. "स्वल्प एडक्के... इन्नू स्वल्प... साक, साक!" म्हणजे थोडं डावीकडं, अजून थोडं, बास. आणि प्रत्येक "स्वल्प"ला स्क्रीनवरचा आकडा कोनाच्या दोन-दोन मिनिटांनी सरकत होता. स्टेअरिंगला लॉक लावलेलं मी डोळ्यानं बघितलं.

"आधी"चा आकडा ह्या वेळी अर्थातच भलताच होता, नवे रॉड एंड घातल्यावर होणारच. "नंतर" ०°०४′. पण काका, आता खूश व्हायची घाई करत नाही. हजार किलोमीटर झाले की फुकट चेक करून देतो असं त्याच्याकडून कागदावरच लिहून घेतलंय.

खर्च: टायर ९,५००. दोन टाय रॉड एंड, बुश आणि मजुरी मिळून २,६००. अलाइनमेंट, बॅलन्सिंग ६५०. पहिल्याच वेळी चाक हलवलं असतं तर साडेनऊ वाचले असते.

---

निपाणीची लेक
गुरुवार, रात्री १०:२०

माझंही स्टेअरिंग सरळ झालं. हिरेबागेवाडीच्या बाजूला कामाला गेले होते, तिथल्या एका दुकानात. कागद हातात घेऊन "एका बाजूचा आखूड, दुसऱ्या बाजूचा लांब" म्हणाले तर तिथला म्हातारा मिस्त्री माझ्याकडं बघून हसला आणि पोराला म्हणाला, "ताईंनी सांगितलंय तसं कर." पैसेही कमी घेतले.

---

टिळकवाडीकर
शुक्रवार, सकाळी ८:१०

मग शेवटी किती किलोमीटरला करायची? कोण ५ हजार म्हणतं, कोण १० हजार.

---

चोर्ला एक्सप्रेस
शुक्रवार, सकाळी ८:३५

मी पाचला. माझा रस्ता तसा हाय. तुम्ही टिळकवाडी ते कॅम्प एवढंच फिरत असाल तर दहाला करा. मोठा खड्डा बसला, टायर बदलले, खालचं काय उघडलं, तर किलोमीटर बघायचं नाही, लगेच.

---

मोजपट्टी
शुक्रवार, सकाळी ९:००

मी आकडा लक्षात ठेवत नाही, सण ठेवतो. पाऊस उघडून खड्डे बुजायला लागले की, खंडेनवमीच्या आठवड्यात. गाडीला हार घालतोच, त्याच्या आदल्या दिवशी तिला जॅकवर घेतो. आणि दुसऱ्यांदा मिरगाच्या आधी, तेव्हा टायरची नक्षीही मोजतो. खाचेत तळाला १.६ मिमी उंचीची आडवी उंचवटी असते, तिच्या बरोबरीला रबर आलं की टायर कायद्यानंही संपला. आपल्याकडच्या पावसात मी तिच्या बराच आधी बदलतो. आणि मोजताना खाच आतली, मधली, बाहेरची अशा तिन्ही ठिकाणी मोजायची. रानवारांची बाहेरची खाच अजूनही पास झाली असती.

---

चारशे वाचवा
शुक्रवार, दुपारी १२:४०

काल संध्याकाळी सहज स्टेअरिंग मोडून आत हात फिरवला. डाव्या टायरला करवत लागली.

रानवारा, त्या अनगोळच्या अण्णांचं शेड नेमकं कुठं?

---

रानवारा खानापूर
शुक्रवार, दुपारी १२:५२

व्यक्तिगत निरोप केलाय. सकाळी दहाच्या आत जा, नंतर रांग असते.

काका, एक राहिलं. सगळं नवीन केल्यापासून साठच्या पुढं मागनं उजवीकडून सूं... असा आवाज येतोय. स्पीड वाढला की वाढतो. अलाइनमेंटमुळं असेल का?

---

चोर्ला एक्सप्रेस
शुक्रवार, दुपारी १:०५

आवाज तवा पण असणार, टायरच्या घरघरीत ऐकू येत नव्हता. मागचं उजवं बेअरिंग. नवा धागा काढा मामा.